डायकास्ट लढाऊ विमानं: दर पावसाळ्यात कॅनॉपी धुरकटते, चाकं चिकटतात, त्याचं मूळ कारण

सलग तीन वर्षं माझ्याकडे हेच झालं. एप्रिलमध्ये कपाटातली सगळी डायकास्ट विमानं, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली छोटी मॉडेल्स, चकचकीत. दसऱ्याच्या साफसफाईला कपाट उघडलं की हरिकेनची कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) दुधाळ, स्पिटफायरचे टायर फळीच्या रंगाला चिकटलेले आणि मेसरश्मिट १०९ एका अंगावर कललेलं. पुसून, धुऊन, सरळ करून ठेवायचं आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा तीच रड. पहिल्या वर्षी मी मॉडेल बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, दुसऱ्या वर्षी नाशिकच्या पावसाला. तिसऱ्या वर्षी कळलं की दोघांचाही फारसा दोष नव्हता.

दुसऱ्या महायुद्धातली १:७२ किंवा १:४८ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या किंवा अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढी) विमानं ज्यांनी जमवली आहेत आणि ज्यांना हा त्रास दर वर्षी ठरल्या वेळी होतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकदाच कधीतरी पाती मोडली किंवा पंखाचा सांधा उघडला, तर ती दुखणी वेगळी.

आधी एक गैरसमज दूर करू. डायकास्ट म्हटलं की आपण अख्खं विमान धातूचं धरतो. प्रत्यक्षात धातूचं असतं ते धड आणि पंख. तो धातू म्हणजे झामाक: मुख्यतः जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि थोडं तांबं. झिंक, अलुमिनियम, माग्नेझियम, कुप्फर या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं. पण कॅनॉपी, प्रोपेलर, अँटेना, चाकांची दारं, वैमानिक आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये चाकांचे पायसुद्धा प्लास्टिकचे असतात, टायर बहुधा मऊ पीव्हीसीचे. धातूला गंज लागेल म्हणून आपण जिवाचं रान करतो आणि इकडे मरतं ते प्लास्टिक. शिवाय झामाक पाण्याच्या साडेसहा पटींहून थोडा जास्तच जड, पॉलिस्टायरीन प्लास्टिक जेमतेम पाण्याइतकं. म्हणजे लोखंडी तिजोरी उदबत्तीच्या काड्यांवर उभी करावी तसा तो प्रकार आहे.

कारण सापडलं ते असं

पहिला धागा मिळाला माझ्याच अंगठ्यामुळे. हरिकेनची कॅनॉपी पुसताना ती अंगठ्यानं दाबून धरली होती. धुरकटपणा काही गेला नाही, उलट त्यावर अंगठ्याच्या रेघा उमटल्या. हात तेलकट असेल म्हणून साबणाच्या पाण्यानं धुतलं, रेघा तशाच. भिंग लावून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की ठसा वर बसलेला नाही, आत रुतलेला आहे, लाखेवर मोहोर उठवावी तसा. याचा अर्थ प्लास्टिक मऊ झालं होतं. आणि ओलीनं पॉलिस्टायरीन मऊ होत नाही, ते पाणी जवळपास पीतच नाही. वॉशबेसिनपाशी हे लक्षात आलं आणि आदल्या वर्षी पावसाला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

दुसरा धागा इगतपुरीचा. तिथल्या एका मित्राकडे माझ्यासारखीच सात-आठ विमानं आहेत. नाशिक शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस तिकडे पडतो. त्याच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते, भिंती पाझरतात, पण त्याची एकही कॅनॉपी धुरकटलेली नाही. ओलीचाच दोष असता तर माझ्याआधी त्याचा संग्रह गेला असता.

तिसरा धागा आईनं दिला, तोही सहज. मी कपाटापाशी उभा राहून मस्टँग नाकाशी धरलं होतं. ती म्हणाली, "अरे, विमान काय हुंगतोस? मृग लागला की मी डांबरगोळ्या टाकते ना, त्यांचा वास आहे तो. खालच्या खणात शाली नाहीत का?"

झालं. लोखंडी कपाट, वरच्या खणात माझी विमानं, खालच्या खणात शाली आणि पैठण्या, आणि दोन्हींच्या मध्ये कोपऱ्याकोपऱ्यात गोळ्या.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. ती वितळत नाही, थेट हवेत उडते, म्हणून तर महिन्या-दोन महिन्यांत बोराएवढी होऊन शेवटी गायब होते. नॅप्थलीन आणि पॉलिस्टायरीन यांची रासायनिक सोयरीक आहे, दोघांच्याही रेणूंत बेंझीनची कडी. त्यामुळे ती वाफ पॉलिस्टायरीनमध्ये सहज शिरते आणि त्याला मऊ करते. काही गोळ्या नॅप्थलीनच्या नसतात, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यांनाही हाच गुण लागू, तेव्हा पाकिटावर "नॅप्थलीन नाही" असं वाचून निर्धास्त होऊ नका. रात्री कपाट गार झालं की जास्तीची वाफ सगळ्यात गार पृष्ठभागावर बारीक स्फटिकांच्या रूपात बसते. जड धातूच्या धडाला चिकटून बसलेली कॅनॉपी त्यात आलीच.

खात्री करून घ्यायची असेल तर घरीच करता येईल असा प्रयोग आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. २०१८ च्या बंदीआधीच्या गणपतीच्या मखराचा एक तुकडा माळ्यावर पडून होता. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तो ठेवला, त्यावर एक डांबरगोळी आणि वर घट्ट झाकण. काही दिवसांनी पाहिलं तर गोळी जिथं टेकली होती तिथं खळगा पडला होता आणि त्याच्या कडा चिकट झाल्या होत्या. आईला बरणी दाखवली. तिनं आधी विचारलं ते हेच, की बरणी लोणच्याची होती का.

मग एप्रिलमध्ये सगळं ठीक का दिसायचं? कारण दसऱ्यापर्यंत गोळ्या संपत आलेल्या असायच्या. नंतर हिवाळाभर मी कपाट रोज उघडायचो, वाफ निघून जायची, स्फटिक आपोआप उडायचे, प्लास्टिक पुन्हा कडक व्हायचं. मला वाटायचं माझ्या पुसण्यानं फरक पडला. पुसण्याचा काडीचा संबंध नव्हता, गोळ्या संपल्या होत्या इतकंच. जूनमध्ये नव्या गोळ्या आल्या की चक्र पुन्हा सुरू.

तुमच्याकडे कारण हेच आहे का, हे कसं ओळखायचं

रात्रभर ते विमान एका स्वच्छ, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एकटं ठेवा. सकाळी झाकण उघडल्याबरोबर नाक लावा, पहिला श्वास महत्त्वाचा. शालींच्या कपाटाचा वास आला तर गोळ्या. नव्या रेनकोटचा वास आला तर पीव्हीसी, म्हणजे टायर किंवा पॅकिंगचा पारदर्शक ट्रे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर लाकूड, प्लायवूड किंवा काचेच्या शोकेसला लावलेलं सिलिकॉन. त्या आंबट वासाकडे पुढे वळू, कारण तो प्लास्टिकपेक्षा धातूला जास्त छळतो.

कॅनॉपीवरचा पांढरेपणा फक्त चिकटवलेल्या कडेभोवती, दवासारखा असेल, तर ते वेगळं प्रकरण. कोणीतरी इन्स्टंट ग्लूनं दुरुस्ती केली आहे. त्या ग्लूची वाफ जवळच्या पारदर्शक भागावर पांढरी होऊन बसते. कॅनॉपीला इन्स्टंट ग्लू लावूच नये. साधा पांढरा गोंद, लाकडाला लावतो तोच, टूथपिकच्या टोकानं लावला तर वाळल्यावर पारदर्शक होतो आणि पुढे कधी काढायचा झाला तर निघतोही.

दुरुस्ती

सगळ्यात आधी विमान कपाटाबाहेर काढा आणि सावलीत, पंखा चालू असलेल्या खोलीत दहा-पंधरा दिवस ठेवून द्या. या काळात हात लावू नका. मऊ कॅनॉपीवर फडकं फिरवलं तर ओरखडे पडतील, बोट लावलं तर ठसा उमटेल. माझा अंगठा पाहायचा असेल तर हरिकेनवर आहेच. नुसते स्फटिक बसले असतील तर ते या दिवसांत आपले आपण नाहीसे होतात आणि काम तिथंच संपतं.

दहा दिवसांनीही धुरकटपणा उरला असेल तर तो पृष्ठभागातच आहे. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि इअरबड. आधी पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या, मगच बोळा फिरवा. वडील ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिग लढाऊ विमानांवर काम केलेले. खऱ्या विमानाच्या कॅनॉपीला कोरडं फडकं लावणाऱ्या पोराला कसं झापायचे, हे ते अजूनही रंगवून सांगतात: "कोरडं पुसलंस की तुझ्या फडक्यातली धूळच सॅंडपेपर होते." खऱ्या विमानाला जे लागू, ते १:७२ लाही. मात्र स्पिरिट, थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना लांब ठेवा. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असलं तर कॅनॉपी काही क्षणांत आंधळी होईल. टूथपेस्टचा सल्लाही सर्रास मिळतो. बारीक ओरखड्यांवर ती थोडीफार चालते, पण ती घासूनच काम करते, तेव्हा चौकटीवर रंगवलेल्या रेघाही घेऊन जाते. त्यापेक्षा प्लास्टिकचं पॉलिश बरं. आणि तेही पुरलं नाही तर पारदर्शक ॲक्रिलिक ग्लॉसचा अगदी पातळ हात. कॅनॉपी नुसती दाबून बसवलेली असेल तर ती काढून बुडवा आणि भांड्याखाली झाकून वाळवा, धूळ बसत नाही.

टायर चिकटण्याचं दुखणं वेगळं आहे. मऊ पीव्हीसीत मऊपणासाठी तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो आणि वर्षानुवर्षं तो हळूहळू बाहेर झिरपतो. फळीचं वॉर्निश, ऑइलपेंट, पॉलिस्टायरीनचं चाक, जे मिळेल त्यात तो शिरतो. थर्माकोलच्या खोक्यात गुंडाळून ठेवलेली वायर चिकट होते आणि थर्माकोलमध्ये तिची खाच पडते, ते इलेक्ट्रिशियननं पाहिलेलं असतं. कारण तेच. आपल्याकडच्या मे महिन्यात स्लॅबखालचा माळा इतका तापतो की झिरपण्याला आणखी जोर येतो. म्हणून माळ्यावर ठेवायचंच नाही. फळीला चिकटलेला टायर ओढून काढू नका, पाय मोडेल. टायरच्या खालून दात साफ करायचा धागा करवतीसारखा फिरवा. मग टायरला किंचित टाल्कम पावडर लावा आणि चाकांखाली काच ठेवा. काचवाल्याकडे उरलेल्या पट्ट्या पडूनच असतात, कडा घासून मागा. काचेत काही शिरत नाही, हा तिचा मोठा गुण.

कललेल्या विमानाचं मात्र जपून. पाय प्लास्टिकचा असेल तर तो उपसून, चमच्यावर धरून गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. उकळत्या नव्हे, हात लावता येणार नाही इतपत गरम. मग सपाट काचेवर सरळ करून गार पाण्यात सोडा. धातूचा असेल तर वाकवायला जाऊ नका. झामाक वाकत नाही, तुटतो. ओळखायचं कसं? लोहचुंबक उपयोगाचं नाही, कारण झामाकला चुंबक चिकटत नाही. पाय ओठाला लावा. गार लागला तर धातू. हसू नका, करून बघा.

हा त्रास स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ यांनाच जास्त होतो आणि तो निव्वळ योगायोग नाही. या दोन्ही विमानांचे पाय धडाजवळ जोडलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटणारे, त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर कमी. खरी १०९ उतरताना याच अरुंद चालीमुळे कितीदा तरी कोलमडली. हरिकेन, मस्टँग आणि जपानी झीरो यांचे पाय पंखात लांब जोडलेले आणि आत मिटणारे, ती पाय फाकून ऐटीत उभी राहतात. मॉडेलमध्येही मूळ विमानाची खोड उतरते.

जे बिघाड नाहीत, ते दुरुस्त करू नका

१०९ ची चाकं वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी दिसतात, ती तशीच हवीत. नवखा माणूस ती "सरळ" करायला जातो आणि पाय मोडून बसतो. दोन्ही पाय सारखेच तिरपे असतील तर हात लावू नका, एकच जास्त फाकला असेल तरच दुरुस्ती.

दुसरा प्रकार मला एका नवशिक्या संग्राहकानं दाखवला. म्हणाला, "दादा, उन्हानं माझ्या हरिकेनच्या गोलातला लाल ठिपका उडाला. आता लाल रंग कुठला लावू?" त्याचं विमान होतं ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं. तिथं ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या गोल खुणेतला लाल ठिपका मुद्दाम काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरचा तांबडा सूर्य आणि हा ठिपका यांत धांदलीत घोळ व्हायचा. गडद निळ्याच्या आत फिकट निळा, एवढंच. १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंग (पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झालेले) ज्या १ नंबर स्क्वाड्रनचं नेतृत्व करत होते, त्या भारतीय स्क्वाड्रनकडेही हरिकेनच होती. त्या पोरानं ब्रश ठेवला ते बरं झालं, नाहीतर चांगलं मॉडेल बिघडलं असतं.

धातूवरची पांढरी भुकटी

आता तो आंबट वास. डांबरगोळ्यांपासून सुटायचं म्हणून मी हॉलमध्ये काचेचं शोकेस करून घेतलं आणि आलं त्याच संध्याकाळी सगळी विमानं आत मांडली. हा माझा गाढवपणा. काचा जोडायला वापरलेलं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलं तेच आम्ल. नवं प्लायवूड आणि लाकूडही ते थोडं थोडं सोडत राहतं. बंद काचेत ते साठलं आणि महिन्याभरात विमानांच्या पोटाखालच्या स्क्रूंच्या भोकांत, जिथं रंग नसतो तिथं, पांढरी भुकटी दिसू लागली. कोरड्या ब्रशनं ती निघाली, खालचा धातू शाबूत होता. नवं शोकेस निदान तीन आठवडे दारं उघडी ठेवून रिकामं ठेवायचं. डब्याची परीक्षा शोकेसलाही लागू: रात्रभर बंद, सकाळी नाक.

भुकटीबरोबर बारीक भेगा असतील, पंख फुगून सांध्यात मावेनासा झाला असेल, रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर ते दुखणं वेगळं आणि त्याला औषध नाही. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं असलं की धातू कणाकणांच्या सीमेवरून आतून कुजतो, ओल आणि उष्णता त्याला हातभार लावतात. महायुद्धाच्या आसपासच्या जुन्या खेळण्यांत हे बऱ्याचदा दिसतं, आजकाल शुद्ध जस्तामुळे क्वचित. अशा विमानाला वाळीत टाकायची गरज नाही, हा रोग शेजारच्याला लागत नाही. फोटो काढून ठेवा आणि कोरड्या जागी उरेल तेवढं राहू द्या.

आता मी कसं ठेवतो

चाकांसह उभी करण्यापेक्षा शक्य तितकी विमानं स्टँडवर, पाय मिटलेल्या स्थितीत. त्यानं पाय आणि टायर दोन्ही सुटतात. स्टँडच्या पकडीला मऊ पॅड असेल तर मध्ये बटर पेपरचा तुकडा, नाहीतर पोटाच्या रंगावर डाग पडतो. मूळ खोकं ठेवायचं, पण विमान त्यातल्या ट्रेमध्ये नाही. ट्रे पीव्हीसीचा असला तर तोच टायरांसारखा वागतो. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, स्पंजमध्येही नाही. काही वर्षांनी स्पंजचा चुरा होतो आणि तो रंगाला चिकटतो.

शोकेसमध्ये हवेतली ओल मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर आहे. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला की मी खूश. श्रावणात तो चढायला लागला की सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या बहुधा आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात, त्यांचा उपयोग नाही. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे कधी संपले ते कळतं. उन्हात ठेवून ते पुरते सुकत नाहीत, साधारण ११० ते १२० अंश लागतात. निळे दाणे असतील तर त्यांत कोबाल्ट असतं, तेव्हा जेवणाची कढई वापरू नका. माझ्याकडे त्यासाठी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे आणि त्यावर आईनं मार्करनं "खायचं नाही" असं लिहिलंय. जेल ओल शोषतं, वास नाही. वास आहे असं वाटलं तर ॲक्टिव्हेटेड कोळशाची पुडी वेगळी लागते.

डांबरगोळ्या कपाटात अजूनही आहेत. शालींना कसर लागली तर काय उत्तर देणार? विमानं हॉलमध्ये आणि गोळ्या आतल्या खोलीत, इतकी वाटणी पुरली. या दसऱ्याला सगळ्या कॅनॉपी स्वच्छ निघाल्या, फक्त हरिकेनच्या डाव्या काचेवर अंगठा आहे. पॉलिश करून घालवता येईल, पण अजून केलेलं नाही. पाहुण्यांना दाखवताना आई आता तो भाग स्वतःच पुढे करते.